वेणी घालणारीचे नाव कुठे?



आमच्या बैठकीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलींच्या अंगात हल्ली जुन्या विलायती बँडच्या नावाचे टी-शर्ट दिसतात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सुप्रीम कंपनीने ब्लॅक सॅबथ या बँडसोबत असेच कपडे काढले. नाव वापरायचे तर आधी करार, मग पैसे, असा हा रिवाज.

मला आपली चप्पल आठवली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या जिल्ह्यांत सातारा-सांगलीही आहेत. तरी जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानला तशीच चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता मिरवली. ओरड झाल्यावर डिसेंबरमध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यात कारागिरांचे प्रशिक्षणही आहे.

पण कारागीर कोण? चामड्याची वेणी घालणारी, शिवण घालणारी बाई घरात बसून राबते. कागदावर नाव बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. बँडमध्ये ढोल बडवणाऱ्यालाही नाव असते. हिचे काम मात्र 'घरची मदत' ठरते.

आपल्या गटांनी चर्मकार वस्तीत जावे, बायांसोबत बसावे. कारागीर म्हणून तिची नोंद, तिचे ओळखपत्र, तिच्या हातात तिची मजुरी आणि प्रशिक्षणाच्या यादीत तिचे नाव, ही मागणी आपण मिळून लावून धरू या.