ओळखी कशासाठी?



गेल्या महिन्यात आमच्या केंद्रात येणाऱ्या एका भाजलेल्या बाईसोबत सरकारी रुग्णालयात गेले होते. रात्रपाळीला इंटर्नशिप करणारी एक तरुण डॉक्टर होती. बोलता बोलता ती म्हणाली, "ताई, आम्हाला सांगतात, आतापासूनच देशोदेशींच्या डॉक्टरांशी ओळखी करून ठेवा, पुढं उपयोगी पडतात. तसे चार-पाच पत्ते आहेत माझ्याकडे. पण ही बाई इथून सुटल्यावर कुठं जाणार, हे विचारायला याच गावातला एकही नंबर नाही."

मला आनंदीबाई जोशी आठवल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ साली काढलेला एक फोटो आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आहेत. तिघीही विद्यार्थिनी. आनंदीबाई तिथवर पोचल्या त्या एका ओळखीमुळं. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याकडे मदत मागितली, तेव्हा धर्मांतराची अपेक्षा पुढं आली. तो पत्रव्यवहार छापला गेला. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि कसलीही अट न घालता या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. पुढं आपलं घरही दिलं.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी नंतर रमाबाईंच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. अमेरिकेत निधी जमला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. आनंदीबाई मात्र फेब्रुवारी १८८७ मध्येच क्षयानं गेल्या होत्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. ज्या ओळखींनी त्यांना आधार दिला, त्यांतूनच पुढं विधवांना निवारा मिळाला.

त्यातली उणीवही सांगायला हवी. तो निवारा मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होता. ओळखींचं जाळं आपोआप सर्वांपर्यंत पोचत नाही. ते मुद्दाम खालपर्यंत न्यावं लागतं.

हे काम आपलं आहे. शिकाऊ डॉक्टर आणि नर्सिंगच्या मुली रोज मारहाणीच्या, जाळण्याच्या खुणा पाहतात. बाई 'स्टोव्ह भडकला' म्हणते, तेव्हा खरं काय ते त्यांना कळतं. पुढं काय करायचं ते कळत नाही. शिवाय त्या स्वतः तरी कुठं सुरक्षित आहेत? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात एका शिकाऊ डॉक्टर तरुणीवर रुग्णालयातच बलात्कार झाला, तिचा खून झाला. त्यांनाही आपली गरज आहे.

प्रत्येक गटानं जवळच्या रुग्णालयातल्या या मुलींना एकदा भेटावं. आपला नंबर द्यावा, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात. त्यांनी परदेशी ओळखी जरूर कराव्यात. तिथल्या बायका अशा वेळी काय करतात, तेही आपल्याला सांगावं.

त्या रात्री मी तिला आमच्या केंद्राचा नंबर दिला. मागच्या आठवड्यात रात्री अकराला तिचा फोन आला. आम्ही दोघी लगेच निघालो.

तुमच्या गावात काय करता येईल? जरूर लिहा.