भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा

दुकानदार म्हणाला, “भाई, यात पैसे घालू नका, नवीन घ्या.” लॅपटॉप २०१४चा, रॅम ४ जीबी, सुरू व्हायला सात मिनिटं. नवीन म्हणजे वर्षभर हप्ते. अब्बांच्या पगारात ते बसत नव्हते. मग उघडून पाहिला. मदरबोर्ड आणि स्क्रीन ठणठणीत, रडत होती ती हार्ड डिस्क. एसएसडी बसवली, रॅम ८ केली. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, ११ला हा प्रोसेसर चालत नाही. म्हणून लिनक्स मिंट टाकलं, तेही फुकट. मदरबोर्ड गेला असता तर मीही नाद सोडला असता. पण आपण निदानाआधीच मयत जाहीर करतो! बहीण आता त्यावरच सीईटीच्या सराव परीक्षा देते. बॅटरी मात्र अर्धा तासच टिकते, चार्जर लावूनच बसते बिचारी.