दुहेरीतील भिडू

कोडगूतील एका कॉफी-मळेवाल्याने आपल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती टेनिसची रॅकेट दिली, ती मुलाने एकट्याने खेळावयाचा खेळ शिकावा या इच्छेने. मुलाला हॉकीची व फुटबॉलचीही ओढ होती. परंतु ते पडले सांघिक खेळ. वडिलांची इच्छा मुलाने शिरोधार्य मानली आणि तो टेनिसपटू झाला. मात्र पुढील तीस वर्षांत त्याने जी कीर्ती संपादन केली, ती जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी उभे राहून! दैवाची ही थट्टा आम्हांस मोठी गोड वाटते.

हा खेळाडू म्हणजे रोहन बोपण्णा. जन्म ४ मार्च १९८० चा. २७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद त्याने मॅथ्यू एब्डन या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या साथीने मिळविले, आणि त्याच आठवड्यात दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत तो पहिल्या स्थानी गेला. त्या वेळी त्याचे वय ४३ वर्षांचे होते. इतक्या वयात प्रथमच त्या स्थानी पोहोचलेला दुसरा पुरुष खेळाडू नाही. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी करीत उद्गार काढले, "ठीक आहे, पण अखेर दुहेरीच ना?" प्रस्तुत लेख या 'पण अखेर' साठी लिहिला आहे.

दुहेरी म्हणजे ज्यांना एकेरी साधली नाही त्यांचे आश्रयस्थान, असा समज सर्वत्र रूढ आहे, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. बोपण्णाचे एकेरीतील सर्वोच्च स्थान २१३ वे, तेही २००७ सालचे. त्या क्रमांकावर राहून धंदेवाईक टेनिसपटूला आपला प्रवासखर्चही धड भागविता येत नाही. तेव्हा दुहेरीकडे वळण्यात पोटाचाही विचार असणारच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तथापि त्याला एकेरी खेळताच येत नव्हती असा निष्कर्ष जे काढतात, त्यांनी सप्टेंबर २०१० मधील चेन्नईचा डेव्हिस चषक सामना आठवावा. ब्राझीलने पहिले दोन्ही सामने जिंकले होते. भारताने पुढील तिन्ही जिंकून पारडे फिरविले. त्यांतील पाचवा आणि निर्णायक सामना एकेरीचा होता, व तो रिकार्डो मेलोविरुद्ध सरळ सेटमध्ये जिंकून देणारा खेळाडू होता बोपण्णा.

परंतु खरा मुद्दा याहून वेगळा आहे. दुहेरी हा एकेरीचा धाकटा भाऊ नव्हे. तो निराळाच खेळ आहे. एकेरीचे मैदान २७ फूट रुंद असते, दुहेरीसाठी दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या मिळवून ते ३६ फूट होते. म्हणजे अंगण एक-तृतीयांशाने वाढले आणि माणसे मात्र दुप्पट झाली. या साध्या हिशेबात दुहेरीचे सगळे मर्म आहे. एकेरीत प्रतिस्पर्ध्याला पळवीत पळवीत मोकळी जागा निर्माण करावयाची असते. दुहेरीत मोकळी जागा बहुधा नसतेच, ती क्षणभर फसवून मिळवावी लागते. सर्व्हिस करणाऱ्याचा भिडू जाळ्याशी वाकून उभा असतो. पाठीमागे नेलेल्या हाताच्या बोटांनी तो खूण करतो की सर्व्हिस कोणत्या अंगाला टाकावयाची आणि आपण जागा सोडून मध्ये झेपावणार की नाही. तो झेपावला आणि अंदाज बरोबर ठरला तर गुण तेथेच संपतो. किंचित लवकर हलला, तर खो मिळण्यापूर्वीच उठलेल्या गड्यासारखी त्याची फजिती होते, कारण परतीचा फटका त्याने नुकत्याच सोडलेल्या जागेतून सरळ निघून जातो.

परतीचा फटका मारणाऱ्याचे काम तर याहूनही अवघड. एकेरीत चेंडू जाळ्यावरून चांगला हात-दोन हात उंच गेला तरी चालते. खोल पडला म्हणजे झाले. दुहेरीत तसा चेंडू म्हणजे जाळ्याशी उभ्या असलेल्या गड्याला वाढून दिलेले ताट. तो जाळ्याला जवळजवळ घासून जावा आणि धावत पुढे येणाऱ्या सर्व्हिसवाल्याच्या पायांशी उतरावा, म्हणजे त्याला वाकून वर उचलण्यावाचून गत्यंतर राहू नये. त्यातच दोघांच्या मधोमध येणारा चेंडू! 'तुझा की माझा' हा विचार मनात आला की चेंडू गेलाच. असा प्रश्न न पडणे याचेच नाव जोडी जमणे. ते दोन उत्तम खेळाडू एका बाजूला उभे केल्याने आपोआप होत नाही.

२००६ पासून पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर दुहेरीचे नियम आणखी कडक झाले. चाळीस-चाळीस झाले की पुढचा एकच गुण डाव ठरवितो, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळावा लागतो. चूक सुधारण्यास अवधी म्हणून नाही. सामने वेळेत संपावेत हा त्यामागील हेतू. प्रेक्षकांच्या सोयीसाठी खेळाडूच्या मानेवर सुरी ठेवण्यातला हा प्रकार आम्हांस फारसा रुचत नाही; मात्र त्यामुळे दुहेरीवाल्याचे काळीज घट्ट होते, हे कबूल केले पाहिजे.

या कलेत भिडू मिळविणे आणि टिकविणे हाच अर्धा संसार. ग्रँड स्लॅम स्पर्धांतील पुरुष दुहेरीचे विजेतेपद बोपण्णाला मिळाले ते ६१ व्या प्रयत्नात, आणि तोपर्यंत या स्पर्धांत त्याने १९ निरनिराळ्या भिडूंबरोबर जोडी जमविली होती. एकोणीस वेळा नव्या माणसाची सवय लावून घ्यावयाची: हा डावीकडे किती येतो, चुकला की गप्प बसतो की चिडतो, त्याला धीर हवा असतो की एकांत. त्या भिडूंपैकी पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी आमच्या विशेष स्मरणात आहे. २०१० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत ही जोडी अंतिम फेरीपर्यंत गेली. दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रसंघातील प्रतिनिधी प्रेक्षागारात शेजारी शेजारी बसून तो सामना पाहत होते. ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकवर जिंकले आणि विजेतेपद हुकले. ते प्रेक्षागार पाहून सीमा पुसल्या गेल्या असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण एका बाजूला उभे राहून एकाच चेंडूची काळजी करणारे ते दोघे पाहणे सुखाचे होते, एवढे खरे.

याच्या उलट बाजूही आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी महेश भूपती व बोपण्णा या दोघांनी लिअँडर पेसबरोबर खेळण्यास नकार दिला आणि भारताला दोन जोड्या पाठवाव्या लागल्या. पदक एकीलाही मिळाले नाही. चार वर्षांनी रिओ येथे पेस आणि बोपण्णा एकत्र उतरले, ते पहिल्याच फेरीत हरले. ती प्रकरणे आम्हांस त्या वेळीही रुचली नाहीत व आजही रुचत नाहीत. जोडीचा खेळ खेळणारे सदैव जोडीनेच नांदतात असे नाही. आणि ज्या लेखात स्तुती करावयाची त्यात ही गोष्ट लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

त्याच रिओत सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत खेळताना कांस्यपदकाचा सामना हातचा गेला आणि चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. पुढील वर्षी, २०१७ मध्ये, पॅरिस येथे कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसमवेत मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळाले, तेही सामना गमावण्यास एकच गुण उरला असताना दोन वेळा सावरून. मग गुडघ्यांनी दगा दिला. सांध्यांतील कूर्चा झिजून गेली. २०२१ मध्ये पाच-पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही, आणि खेळ सोडावा असे मनाने घेतले होते, हे त्याने स्वतः मेलबर्नच्या विजयानंतर सांगितले. गुडघे पुन्हा उभे राहिले त्याचे श्रेय तो अय्यंगार पद्धतीच्या योगासनांना देतो. ही पद्धती ज्यांनी घडविली ते बी. के. एस. अय्यंगार जन्माने कर्नाटकातील, पण त्यांची कर्मभूमी पुणे. हा योगायोग नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

आता आक्षेपाकडे वळू. एकेरीतले खरे मोठे खेळाडू मनात आणतील तर दुहेरी सहज जिंकतील, असे म्हटले जाते. पीटर फ्लेमिंग या नामांकित खेळाडूने तर जगातील सर्वोत्तम जोडी कोणती असे विचारताच, जॉन मॅकेन्रो आणि दुसरा कोणीही, असे विनोदाने म्हटल्याचे सांगतात. फ्लेमिंग हा स्वतःच तो 'दुसरा कोणीही' होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या विनोदाची गोडी कळते. पण तो काळ गेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राफाएल नदाल आणि कार्लोस अल्काराझ ही स्वप्नवत जोडी उपांत्यपूर्व फेरीत ऑस्टिन क्रायचेक व राजीव राम या दुहेरीच्या जाणत्या अमेरिकनांकडून सरळ सेटमध्ये हरली. पुढील वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या चालकांनी मिश्र दुहेरीत प्रामुख्याने एकेरीचे नामांकित खेळाडू घेतले, सेट चार डावांचे केले, आणि विजेत्या जोडीस दहा लक्ष डॉलर ठेवले. दुहेरीच्या बहुतेक कसबी खेळाडूंना दारच बंद झाले. आदल्या वर्षीचे विजेते म्हणून सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीस तेवढा प्रवेश मिळाला. विजेते कोण झाले? तेच दोघे! हा वावासोरी म्हणजे मेलबर्नच्या अंतिम सामन्यात बोपण्णाविरुद्ध हरलेल्या जोडीतील एक.

एवढे असूनही मोल मात्र एकेरीचेच. बोपण्णा जिंकला त्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीच्या विजेत्यास साडेएकतीस लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि दुहेरीच्या जोडीस मिळून सात लक्ष तीस हजार, म्हणजे प्रत्येकी त्याच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. प्रेक्षक एकेरीला येतात म्हणून पैसा एकेरीला, हा व्यवहार आम्हांस समजतो. पैशाच्या प्रमाणात कसबही कमी मोजावे, हे समजत नाही. आपल्या देशात रामनाथन कृष्णन १९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या एकेरीच्या उपांत्य फेरीत खेळले. त्या पायरीवर त्यानंतर कोणी पोहोचले नाही, याची खंत प्रत्येकास असावी. पण त्या खंतीपोटी पेस, भूपती, सानिया आणि बोपण्णा या दुहेरीत जगात पहिल्या आलेल्या चौघांकडे कानाडोळा करणे, म्हणजे घरात आंबा नाही म्हणून फणसाला नावे ठेवणे होय.

२०२३ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, निर्णायक सेट चालू असताना, चेंडू बोपण्णाच्या हाताला निसटता लागून गेला. पंचांना दिसले नाही, प्रतिस्पर्ध्यांनाही नाही. त्याने आपण होऊन ते सांगितले आणि गुण देऊन टाकला. सामना हरला. येथे आमच्या मनात एक वेगळाच विचार आला: तो गुण एकट्याचा नव्हता, अर्धा एब्डनचाही होता. एब्डनने त्याबद्दल कुरकूर केली नाही, आणि चार महिन्यांनी मेलबर्नला दोघे पुन्हा एकत्र उभे राहिले.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी बोपण्णाने निवृत्ती जाहीर केली. अखेरचा सामना तो पॅरिसला अलेक्झांडर बुब्लिक या कझाकस्तानच्या खेळाडूच्या जोडीने खेळला आणि पहिल्याच फेरीत हरला. एकूण २६ विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. खरे म्हणजे त्याच्या आणि आणखी कोणाच्या तरी नावावर.

जाता जाता आमची एक सूचना. आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात कॅरम आणि बॅडमिंटन यांच्या दुहेरीस एकच चषक दिला जातो, आणि फलकावर जागा अपुरी म्हणून एकच नाव रंगविले जाते, बहुधा आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे पहिले येणारे. गेल्या वर्षीच्या कॅरमच्या विजेत्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. चषक दिवाळीपर्यंत एकाच्या घरी असतो व पुढे दुसऱ्याच्या. फलकाचे काय करावयाचे ते मात्र त्या दोघांच्या हाती नाही. तो रंगवून घेण्याचे काम येत्या मे महिन्यात निघणार आहे असे ऐकतो. त्या वेळी रंगाऱ्यास अक्षरे थोडी बारीक काढावयास सांगावे.