पाहावे, रेखाटावे, मग टिपावे

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाचाडच्या आधी, नाते हे गाव लागते. बहुतेक प्रवाशांना गडाची घाई असते, त्यामुळे येथे फारसे कोणी थांबत नाही. माझे आजोळ येथले असल्याने मी मात्र लहानपणापासून थांबत आलो आहे. पावसाळ्यात डोंगरांवरून उतरणारे वहाळ, भातखाचरांच्या बांधांवरचा तेरडा आणि पहाटे कुठूनशी येणारी शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ एवढे पदरात पडले तरी या गावी आल्याचे सार्थक होते.

चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव म्हणून नात्याची ओळख आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांना सारे जाणतात. १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेला हा मुलगा केंब्रिजला गेला तो अर्थशास्त्र शिकायला नव्हे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. झाडापानांकडे बारकाईने पाहणारी दृष्टी आणि अंकांकडे बारकाईने पाहणारी दृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी नसाव्यात, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

त्याच १८९६ साली, १२ नोव्हेंबरला, मुंबईत सलीम अली यांचा जन्म झाला. त्यांची पक्ष्यांशी ओळख झाली ती मात्र बंदुकीमुळे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी १९०८ मध्ये तो मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत मिलार्डसाहेबांकडे गेला. त्यांनी त्याला रागावण्याऐवजी पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावही सलीम अलींनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले.

किहीमचे सुगरण

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारून त्यांचे नमुने गोळा करणे, अशीच रीत होती. सलीम अलींनीही तसे नमुने पुष्कळ गोळा केले. परंतु त्यांच्या अभ्यासाला नवे वळण मिळाले ते आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी. १९३० च्या सुमारास नोकरी सुटली, म्हणून ते तेथील घरात राहावयास गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाताशी वेळ होता आणि पावसाळा सुरू होता. ते दिवसचे दिवस ती घरटी निरखत बसले.

सुगरणीच्या कौतुकाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. त्या बसण्यातून मात्र कळले की विणकाम नर करतो. तो घरटे अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच नर ते पुरे करतो, आणि मग तोच नर दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर शतकानुशतके चाललेली गोष्ट एका बेकार माणसाने प्रथम नीट पाहिली. हे गुपित कळण्यासाठी बंदूक लागली नाही. एक जागा, एक वही आणि न कंटाळणारे मन एवढेच लागले.

नोंदींचे मोल किती मोठे असते, हे गिधाडांच्या बाबतीत साऱ्या देशाने अनुभवले. १९९० नंतर गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. ही घट ध्यानात आली, कारण भरतपूरच्या अभयारण्यात पूर्वीच्या घरट्यांच्या मोजणीच्या नोंदी होत्या आणि त्यांच्याशी नव्या नोंदी ताडून पाहता आल्या. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये आपल्या देशात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आपल्या भागात महाडच्या सिस्केप संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात गिधाडांसाठी केलेले काम अनेकांना ठाऊक आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. अशा पक्ष्याचे एकेक घरटे मोजणारा माणूस किती महत्त्वाचे काम करतो, हे वेगळे सांगावयास नको.

एक नेचा

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. गेल्या वर्षी जुलै महिन्यात माझी दोन नातवंडे माझ्याबरोबर नात्याला आली होती. थोरला सतरा वर्षांचा, धाकटी अकरा वर्षांची. थोरल्याकडे नवा कॅमेरा होता. धाकटीकडे चित्रकलेची वही आणि माझी जुनी दुर्बीण.

गावामागच्या वहाळाच्या काठी मातीची उभी दरड आहे. तीत सुपारीएवढ्या तोंडाचे एक बीळ दिसले, आणि थोड्याच वेळात बिळाचा मालक आला. तिबोटी खंड्या! चिमणीहूनही लहान देह, पोट केशरी-पिवळे, चोच आणि पाय लालभडक, पंख गडद निळे आणि पाठीवर जांभळी झाक. जून उजाडला की हा पाहुणा कोकणात प्रजननासाठी येतो, वहाळाच्या काठी बोगद्यासारखे बीळ कोरतो आणि पावसाळाभर पिल्ले वाढवतो. रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून त्याला मान मिळाला आहे, तो उगीच नव्हे.

आम्ही वीस-पंचवीस पावलांवर बसलो. धाकटीने वहीत पक्षी काढला आणि त्याच्या पायाला चार बोटे दाखवली. मी म्हटले, “नीट बघ.” तिने दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिले, आणि एक बोट खोडून टाकले. मग म्हणाली, “आजोबा, म्हणून तिबोटी!” पक्ष्याचे नाव तिने यापूर्वी दहा वेळा ऐकले होते. त्याचा अर्थ तिला कळला तो पेन्सिलीमुळे.

चित्राखाली ती वेळा लिहीत होती. ७.१२, सापसुरळी. ७.३१, छोटा खेकडा. ७.४८, कोळी. ८.०५, नीट दिसले नाही. ८.२६, पुन्हा सापसुरळी. पक्षी यायचा, समोरच्या बांबूच्या वाळक्या फांदीवर क्षणभर बसायचा, आणि बाण सुटावा तसा बिळात शिरायचा.

थोरला मात्र अस्वस्थ होता. बिळाच्या तोंडावर नेच्याचे एक पान लोंबत होते आणि प्रत्येक छायाचित्रात ते आडवे येत होते. “आजोबा, तेवढा नेचा मध्ये येतोय,” तो म्हणाला. मी उठलो, दरडीपाशी गेलो आणि नेचा मोडला. मोडणारा हात माझा होता, नातवाचा नव्हे. एक पान ते, त्याने काय बिघडणार, असे वाटले. घड्याळात ८.४० झाले होते.

धाकटीच्या वहीत पुढच्या नोंदी अशा आहेत. ९.००, आला, बसला, आत गेला नाही. ९.२०, आला, बसला, परत गेला. ९.५०, बिळापर्यंत आला, हवेतच थांबला, वळला. १०.१० ला मी मुलांना उठवले आणि आम्ही निघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिले, तर रात्रीतून कोणत्यातरी जनावराने बीळ उकरले होते. तोंड ओंजळीएवढे रुंद झाले होते आणि खाली मातीत दोन छोटी पिसे पडली होती.

नेचा असता तर बीळ वाचले असते का, याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही. पण ते पान बिळावर पडदा धरून होते आणि तो पडदा मी काढला, एवढे खरे आहे.

९.५० च्या त्या क्षणाचे छायाचित्र थोरल्याने टिपले आहे. पंख पसरलेले, चोचीत सापसुरळी, मागे मोकळी स्वच्छ दरड. पाहणारा “वा!” म्हणेल असेच ते आहे. आपल्या पिल्लांकडे जाण्यास धजावत नसलेल्या पक्ष्याचे ते छायाचित्र आहे, हे ठाऊक असलेली माणसे तीनच. त्याने ते कोणालाही पाठवलेले नाही. धाकटीचे चित्र ओबडधोबड आहे. चोच जरा मोठी झाली आहे आणि पंखांचा रंग रेषेबाहेर गेला आहे. त्या चित्रात नेचा आहे.

हाताची सावधगिरी

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत शिकारच ठरते. मी हे वाचले तेव्हा बराच वेळ ते पान उलटले नाही. आयुष्यात कधी गलोल हाती धरली नाही, याचा मला अभिमान होता.

पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, म्हणून आपले साधू-साध्वी चार महिने एका जागी राहतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या सकाळी पायवाटेवरच्या गोगलगायी आणि मुंग्यांच्या रांगा मी चुकवतच चाललो होतो. पाय सावध होता, हात नव्हता. चातुर्मासाच्या त्या नियमात निसर्ग पाहण्याचीही उत्तम रीत दडलेली आहे, असे आता वाटते. एका जागी राहावे, फिरणे कमी करावे, आणि जे समोर येईल ते पाहावे. किहीमला सलीम अलींनी याहून वेगळे काय केले?

कॅमेऱ्याला मी दोष देत नाही. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे मोठेच पुण्य झाले. परंतु घाईने हाती धरलेला कॅमेराही माणसाला शिकाऱ्याच्या वाटेवर नेतो. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या एकेका बिळापुढे छायाचित्रकारांची गर्दी होते. झुडपे छाटली जातात, फांद्या हव्या तशा रोवल्या जातात, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावले जाते. म्हणूनच अनेक नामांकित स्पर्धा आता घरट्यांची छायाचित्रे स्वीकारत नाहीत.

आमच्या घरात यानंतर काही नियम ठरले. वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून ते सांगतो.

पहिली दहा मिनिटे नुसते पाहावयाचे. मग चित्र, आणि चित्रानंतरच कॅमेरा. चित्र सुंदर व्हावे असा हट्ट धरावयाचा नाही. आधी देहाचा आकार, मग डोक्याच्या मानाने चोच केवढी, शेपूट पंखांच्या पुढे किती, पाय कोणत्या रंगाचे, असे एकेक विचारीत जावे. जे आठवत नाही ते कोरे ठेवावे. ती कोरी जागाच पुढच्या वेळी काय पाहावयाचे ते सांगते. पानावर तारीख, वेळ, जागा आणि पाऊस होता की ऊन, हे लिहावे.

घरटे दिसले तर दूर राहावे आणि लवकर निघावे. पान, फांदी, दगड, काहीही हलवू नये. फ्लॅश वापरू नये, पक्ष्याचा आवाज वाजवू नये, आणि घरट्याचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर देऊ नये. चोचीत भक्ष्य घेऊन पक्षी नुसताच बसून राहिला, तर तो आपल्या जाण्याची वाट पाहत आहे असे समजावे.

यासाठी जंगलातच गेले पाहिजे असे नाही. गॅलरीत येणारा बुलबुल, देवळाच्या शिखरावरची कबुतरे, भिंतीवरची पाल, यांपैकी कोणाचीही वही सुरू करता येते. महिनाभर रोज पाच मिनिटे एकाच चिमणीकडे पाहणाऱ्या मुलाला जे कळते, ते शंभर छायाचित्रे पाहून कळत नाही.

यंदा जूनअखेर आम्ही पुन्हा नात्याला गेलो. दरडीवर नेचा पूर्ववत वाढला आहे. त्या बिळात कोणी आलेले नाही. वहाळाच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर, एकदा लाल चोच चमकून गेली. थोरल्याने कॅमेरा काढला नाही. बहिणीची वही मांडीवर घेऊन त्याने वेळ लिहिली, आणि आम्ही होतो तेथेच बसून राहिलो.

या पावसाळ्यात आपल्या घरातील मुलांना एकेक कोरी वही द्या. शक्य झाले तर एक वही स्वतःसाठीही ठेवा.