बर्फावरची नोकरी, वाट गोव्याची

नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत १९८३ मध्ये भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला निघाल्या. समुद्राविषयीच्या एका पुस्तकाने लावलेले वेड हवाई, लंडन आणि गोवा अशी वळणे घेत तिथवर पोहोचले होते. अमरावती-अकोल्याच्या मुलांना ही वाट आज जवळची आहे. 'मैत्री', 'भारती' आणि आर्क्टिकमधील 'हिमाद्री' या केंद्रांचा कारभार गोव्यातील वास्कोहूनच चालतो. आर्क्टिकच्या घटत्या बर्फाचा सप्टेंबरमधील मध्य भारतातल्या अतिवृष्टीशी संबंध असू शकतो, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. सोयाबीन काढणीच्या तोंडावर येणारा हाच तो पाऊस.

पण तिकडे फक्त शास्त्रज्ञ जात नाहीत. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात जहाज फिरकत नाही. तेव्हा डॉक्टर, स्वयंपाकी, जनरेटर सांभाळणारा डिझेल मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन यांच्यावरच सारा भरवसा. म्हणजे आयटीआयवाल्यालाही दार आहे. कडक वैद्यकीय तपासणी, मग औलीच्या बर्फात सराव. मात्र यातली बरीच भरती कंत्राटी, मोहिमेपुरती असते. वर्षभर बर्फात काढून परतलेल्या मेकॅनिकला गावी पुन्हा काम शोधावे लागते. करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत पेंग्विनचे फोटो दाखवताना हेही सांगायला हवे.