सुकलेली वेल आणि बंद पाट

विंचूरचा माणूस पाण्याविषयी बोलू लागला की त्याला थांबवणे कठीण. शेजारी लासलगावचा कांद्याचा बाजार, भोवती द्राक्षांचे मळे. तेव्हा पाटाला पाणी केव्हा सुटणार, हा येथला पहिला प्रश्न! मी येथे दवाखाना थाटून बसलो आहे, आणि पाण्याची ही भाषा मला औषधांच्या भाषेइतकीच उपयोगी पडते. मूत्रपिंडांविषयी बोलताना तर हटकून.

मूत्रपिंडे दोन, आणि मुठीएवढी. पण पाणी पितात केवढे! हृदय जेवढे रक्त फेकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक लिटर, या दोघांकडे जातो. तो नेणारी रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्ताची नळी, अरुंद झाली की मूत्रपिंडाची समजूत होते की शरीरातच रक्ताचा तुटवडा आहे. मग ते रक्तदाब चढवण्याच्या उद्योगाला लागते. १९३४ साली अमेरिकेत गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या या नळ्यांना चिमटे लावून हे दाखवून दिले. एकाच्या चारीला पाणी येईना, म्हणून त्याने साऱ्या धरणाची दारे उघडायला लावावीत, तसा हा प्रकार!

नळी अरुंद का होते? उतारवयात तंबाखू, मधुमेह आणि चरबीचे थर यांमुळे. आपल्याकडे मात्र तरुण मुलींतही हे दिसते. त्यांच्या नळीची भिंतच सुजते. १९०८ साली ताकायासू या जपानी नेत्रवैद्यांनी या दुखण्याची एक रोगी पुढे मांडली, म्हणून त्याला त्यांचे नाव. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. पारुळकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली महारोहिणीच्या मधल्या भागाच्या अशाच अरुंदपणावर लिहिले, ते जगभर वाचले गेले.

आता प्रश्न असा, की फुगा घालून नळी रुंद केली, जाळी बसवली, तर मंदावलेले मूत्रपिंड पुन्हा कामाला लागेल का?

हा प्रश्न मला एका बागाईतदाराच्या थोरल्या मुलाने विचारला. "डॉक्टरसाहेब, नळी उघडली म्हंजे अण्णांचं मूत्रपिंड पहिल्यासारखं व्हईल ना? एक एकर बाग काढतो, पन हे करायचंच."

मी म्हटले, "अरे, सुकलेल्या वेलीला पाणी देण्याआधी तू काय करतोस?"

"नखानं साल खरडून बघतो. आत हिरवी असली तर पानी. वाळली असली तर कितीबी पाजा!"

वैद्यकाचीही नखे अशीच आहेत. पहिले, आकार. मूत्रपिंड साधारण दहा-अकरा सेंटिमीटर लांब असते. ते सात-आठापर्यंत आक्रसले, तर आशा थोडी. दुसरे, लघवीतील प्रथिन. ते पुष्कळ जात असेल, तर आतली चाळणीच बिघडली असे समजावे. तिसरे, वेळ. रक्तातले क्रिएटिनिन गेल्या काही महिन्यांत भराभर चढले असेल तर सुधारणेची शक्यता अधिक. वर्षानुवर्षे हळूहळू चढले असेल तर कमी. चौथे, डॉपलर तपासणी. आतल्या बारीक नळ्या कडक झाल्या असतील, तर मोठी नळी उघडूनही पाणी मुळाशी पोचत नाही. यांतले एकही नख अचूक नाही. चारही मिळून अंदाज बांधायचा.

आणि एक गोष्ट. २००९ साली ८०६ रोग्यांवर आणि २०१४ साली ९४७ रोग्यांवर केलेल्या मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. चरबीने अरुंद झालेल्या नळीत सरसकट जाळी बसवण्याने नुसत्या औषधोपचारापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. मात्र ज्यांच्या फुप्फुसांत एकाएकी पाणी भरते, किंवा ज्यांच्या दोन्ही नळ्या अरुंद होऊन काम झपाट्याने ढासळते, अशांच्या बाबतीत तज्ज्ञ वेगळा विचार करतात.

अण्णांचे डावे मूत्रपिंड सात सेंटिमीटर, लघवीत प्रथिन, दुखणे आठ वर्षांचे. नाशिकच्या तज्ज्ञांनीही मान हलवली. मुलगा दोन दिवस बोलला नाही. बापासाठी काहीच न करणे त्याला पापासारखे वाटत होते. अखेर अण्णाच म्हणाले, "वाळल्या वेलीपायी हिरवी बाग इकतो काय रे?" बाग राहिली. तंबाखू सुटली, मीठ कमी झाले, गोळ्या नेमाने चालू झाल्या. मूत्रपिंड सुधारले नाही. पण उजव्याने संसार सांभाळला आहे.

त्याच सुमारास शेजारगावची एक चोवीस वर्षांची सून आली. रक्तदाब दोनशे, मूत्रपिंडे मात्र चांगली दहा सेंटिमीटरची. तिच्या घरच्यांना मी उलटे सांगितले: दागिने गहाण पडले तरी चालतील, पण वेळ दवडू नका. तज्ज्ञांनी आधी सूज शमवली, मग फुग्याने नळी उघडली. चार गोळ्यांची आता एक झाली आहे.

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आलाच, तर "नळी उघडेल का?" एवढेच विचारू नका. ती बहुधा उघडते! "आत हिरवे किती उरले आहे?" हे विचारा. आणि चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्या, रक्त-लघवी तपासा. वेल वाळण्याआधी पाटाकडे लक्ष गेलेले केव्हाही बरे.