फुफ्फुसातली धूळ हाच हजेरीपट



खडी मशीनवर राबून, धापा टाकत मेलेल्या एका मजुराच्या बायकोचा नुकसानभरपाईचा अर्ज परत आला आहे. शेरा एका ओळीचा: 'नोकरीचा पुरावा जोडलेला नाही.'

हजेरीपट कोण ठेवतो? मालक. पगाराचे रजिस्टर कोणाच्या कपाटात असते? मालकाच्या. मजुराला मिळते ती बाजाराच्या दिवशीची खर्ची, तीही मुकादमाच्या हातून, सही ना शिक्का. ज्याने कागद दडवला त्याला कोणी जाब विचारत नाही. ज्याला तो कधी मिळालाच नाही, त्याच्या विधवेला 'कागद आण' म्हणून हाकलतात. ही छाननी नव्हे. ही मालकाची फुकटची वकिली आहे.

कायदा काय म्हणतो ते शांतपणे पाहू. ठरवून दिलेल्या मुदतीइतके सलग काम झाले आणि यादीतला रोग जडला, तर तो कामामुळेच झाला असे धरायचे. तसे नसेल तर ते समोरच्याने सिद्ध करायचे. हे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात होते, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. यादीत सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाला जडणारा रोग, आहे. 'त्याने चार मशीनवर काम केले, मग द्यायचे कोणी?' त्याचेही उत्तर संहितेत आहे: सगळ्या मालकांनी, सक्षम प्राधिकारी ठरवतील त्या प्रमाणात.

'पण त्याला तर टीबी होता!' हे ऐकले की डोके फिरते. सिलिकाने पोखरलेल्या फुफ्फुसात टीबी सहज शिरतो. म्हणून तर कायद्याच्या यादीत सिलिकोसिसशेजारी सिलिको-ट्युबरक्युलोसिसही लिहिला आहे. पण केसपेपरवर 'टीबी' एवढेच लिहून डॉक्टर मोकळे होतात. 'काम काय करता?' हा तीन शब्दांचा प्रश्न विचारला जात नाही आणि त्या न विचारलेल्या प्रश्नावर दावा मरतो.

'खोटे दावे येतील.' खोटा सिलिकोसिस आणणार कुठून? सिलिकाची धूळ छातीत गेल्याशिवाय तो होतच नाही. वैद्यकीय मंडळाने रोग ठरवला, की कामाचा सर्वांत पक्का पुरावा हाती आला.

गुजरातमधल्या गोध्रा-बालासिनोर भागात गारगोटी दळताना मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर असेच संपले. त्यांपैकी 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला दिला, तो 2016 साली. मानवाधिकार आयोगाची शिफारस 2010 सालची! एका जिवाचे 3 लाख, आणि तेही सरकारी तिजोरीतून.

आमची मागणी साधी आहे. अर्ज परत पाठवण्याआधी मालकाला हजेरीपटासह बोलवा. तो पट दाखवत नसेल, तर मजुराचे म्हणणे खरे धरा. डॉक्टरांनो, केसपेपरवर रुग्णाचे काम आणि कामाची वर्षे लिहा. आणि सोबत्यांनो, शेजारच्या मशीनवरचा गडी खोकत असेल, तर त्याच्याबरोबर किती वर्षे काम केले याचे प्रतिज्ञापत्र आजच करून द्या, तो जिवंत असताना.